तांबीला पट्टा लागतो का

विश्रामबागेतल्या जनावरांच्या दवाखान्यात बाहेर एक लांब बाक आहे. मांडीवर मांजर आणि पायाशी कुत्रं घेऊन बसलेली माणसं तिथं पटकन एकमेकांशी बोलायला लागतात. काय झालं, कधीपासून, खातंय का. मी कधी बोललो नाही. कुणी विचारलंच तर "पाय" एवढंच म्हणायचो. ते दिसतच होतं. माझ्या कुत्रीला तीन पाय आहेत.

परवा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एक जोडपं येतं माझ्याकडे. त्यांच्या कुत्र्याचा पाय काढलाय, आणि आधाराचा पट्टा बांधायचा की नाही यावर दोघं इथंच भांडतात. तुम्ही त्यांच्याशी बोला ना." मी म्हटलं, मला बोलता येत नाही, लिहून देतो. म्हणून हे. औषधांची नावं आणि टाक्यांचे प्रकार यात सापडणार नाहीत, ते मॅडम सांगतील. मॅडमना जे माहीत नाही ते मी सांगणार आहे. त्यात माझी शोभा होईल. होऊ दे.

मी कराडजवळ एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, खाली झाली की रिकामी तोलायची, मधला फरक म्हणजे ऊस. काट्यावरच्या माणसावर अख्खा तालुका संशय घेतो आणि तो अख्ख्या तालुक्यावर. भरली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसलेला असतो आणि रिकामी तोलताना हळूच उतरतो, त्याचं वजन उसात जातं. कुणी ट्रॉलीला मागून रेलून उभा राहतो. हे बघण्यात उमर गेली की माणूस घरी आल्यावरही तसंच बघतो. मी बघायचो.

तांबी मला काट्यावरच मिळाली. ऊसतोड टोळीच्या ट्रॉलीतनं पिलू म्हणून उतरली आणि टोळी तिला विसरून निघून गेली. विसरून की टाकून, हा संशय मी अजून सोडलेला नाही. रंग तांब्याच्या घागरीसारखा, म्हणून तांबी.

लंगडणं

गेल्या हंगामाच्या शेवटी ती मागचा डावा पाय उचलून धरायला लागली. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की कुणीतरी दगड मारला. कुणीतरी म्हणजे शेजारचे बशीरभाई. त्यांचा ट्रॅक्टरच्या सीटा आणि गाड्यांची कव्हरं शिवायचा धंदा आहे, आणि तांबीनं एकदा त्यांच्या दारातला फोम फाडला होता. मी कुंपणावरून विचारलं, "बशीरभाई, कुत्रीला मारलंत काय?"

त्यांनी मशीन थांबवली. "मी? आवं, फोम फाडला तवा मारली न्हाई, ती आता मारू व्हय?"

मला ते पटलं नाही. मग मला वाटलं, कुत्रीच सोंग करतेय. कारण माझ्यासमोर लंगडायची, आणि मांजर दिसलं की चारी पायांवर सुटायची. तिचं सोंग उघडं पाडायला मी खिडकीआडून बघत बसायचो. माझी बायको सुनंदा रोज म्हणायची, "आवं, दवाखान्यात न्या तिला." मी म्हणायचो, बघू. हाडाच्या आजारात "बघू" म्हणण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. तुमचं जनावर लंगडत असेल आणि तुम्ही हे वाचत बसला असाल, तर कागद खाली ठेवा आणि आधी दवाखान्यात जा. उरलेलं नंतर वाचा.

फोटो

मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला. गुडघ्याच्या वरचं हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं दिसत होतं. त्या म्हणाल्या, "ही हाडाची गाठ आहे. वाईट जातीची. पाय ठेवला तर वेदना वाढत जाणार. पाय काढला तर वेदना तरी थांबेल." छातीचाही फोटो काढला होता. तो साफ होता.

तांबीला धाप लागली होती म्हणून मी पाणी आणायला बाहेर गेलो. वाटी घेऊन आत आलो तेव्हा मॅडम आणि सुनंदा हलक्या आवाजात बोलत होत्या. मला बघून दोघी थांबल्या.

मी सुनंदाला विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काय न्हाई. पाणी बेतानं द्या म्हणत हुत्या."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. गाडीतनं कुणी उतरलं की मला कळतं. आमच्याकडं कुणाला मोठा आजार झाला की रोग्याला सोडून सगळ्या गावाला तो ठाऊक असतो. रोग्याला सांगतात, पित्त आहे. मी स्वतः अशा कुजबुजीत उभा राहिलेला माणूस आहे, त्यामुळं ती कुजबूज कशी असते, कुठं थांबते, हे मला कुणी शिकवायला नको. त्या क्षणापासून मी एक गोष्ट धरून चाललो. या दोघींना काहीतरी माहीत आहे आणि ते मला सांगायचं नाही असं ठरलं आहे.

सरळ विचारायचं सोडून मी वाटी खाली ठेवली.

पाय

ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी गाडीत बसून होतो. सुनंदा आत बाकावर होती. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच झालं. झाल्यावर मॅडम बाहेर आल्या, सगळं नीट झालंय म्हणाल्या. मी एकच प्रश्न विचारला, "पायाचं काय करता?" त्या म्हणाल्या, "आम्ही रीतसर विल्हेवाट लावतो. तुम्हाला हवा असला तर देऊ." मी नको म्हटलं. पेठ नाका ओलांडून गाडी हायवेला लागेपर्यंत वाटत राहिलं, हो म्हणायला हवं होतं. परड्यात पुरला असता. मग वाटलं, पुरून तरी काय.

तिला काही दिवस दवाखान्यातच ठेवलं. आम्ही कराडहून रोज जाऊन यायचो. जाळीच्या पिंजऱ्यापाशी उकिडवं बसायचं, दहीभात भरवायचा, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा भोंगा सरळ करायचा आणि परत यायचं. एक दिवस आम्हाला बघून तिनं शेपूट हलवलं, आणि शेपटाच्या झोकानं स्वतःच आडवी झाली. उठली, पुन्हा हलवलं, पुन्हा पडली. सुनंदा हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "रडतेस कशाला? बरी होतीय की." ती तोंड फिरवून तांबीचा भोंगा सरळ करायला लागली. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

टाके काढायच्या दिवशी मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

"घरात मोकळी चालू दे. पायऱ्यांवर किंवा उतारावर मागून आधार लागतोय का ते बघत राहा. लागत असेल तिथं आधार मिळाला नाही तर मागच्या एकुलत्या पायावर ताण येऊन तो जाईल. आणि लागत नसताना सारखा आधार दिलात तर त्याच पायाचा स्नायू बसेल. दोन्हीकडून धोका त्याच पायाला आहे. तो पाय गेला तर माझ्याकडे पुढचा उपाय नाही."

लाल पट्टा

आठवडा झाला नसेल, तेवढ्यात पुण्याहून आमच्या पूनमनं पार्सल पाठवलं. आत लाल पट्टा. पोटाखालून मांडीच्या मुळाशी जाणारी जाड पट्टी, आणि पाठीवर धरायला मूठ. मी विचारात पडलो. मॅडम म्हणाल्या होत्या बघत राहा. आम्ही तर अजून बघायलाही लागलो नव्हतो, मग पट्टा मागवला कुणी? लेकीनं आपणहून? की आईनं सांगून? आणि एवढी घाई कशाची?

त्याच दुपारी मेढ्याकडचे माझे चुलतभाऊ तात्या आले होते. पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाले, "ह्ये काय रं? झोळी?"

"कुत्रीला आधार म्हणून, तात्या."

"आपल्या चंद्रीला बांदली हुती तसली व्हय?"

आमच्याकडं गाय गोठ्यात बसली आणि उठेनाशी झाली की चार माणसं तिच्या पोटाखालनं गोणपाटाची झोळी घालतात आणि आढ्याला टांगून तिला उभी करतात. चंद्री तशी टांगलेली मी लहानपणी बघितली होती. पाय जमिनीला टेकलेले, पण त्यात जोर नाही.

"झोळीतलं जनावर परत आपल्या पायावर उठल्यालं मी तर बघितलं न्हाई गड्या," तात्या म्हणाले, आणि सुनंदाला हाक मारून चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र सगळं जुळलं. कुजबूज, रडणं, पट्टा. कुत्री जाणार हे यांना माहीत आहे आणि ही तयारी चाललीय.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यामागं टाकला.

"आवं, पट्टा कुठं दिसंना," सुनंदा म्हणाली.

"मला काय माहीत."

मला खोटं बोलता येत नाही असं मला वाटायचं. येतं. आधीपासूनच कमी बोलणाऱ्या माणसाला फारच सोपं जातं, कुणाला फरक कळत नाही.

चोरून बघणं

मग मी पहारा सुरू केला. कामाला निघायचो आणि कोपऱ्यावरून परत येऊन बशीरभाईंच्या भिंतीआड उभा राहायचो. एकदा दिसलं. ओसरीच्या पायऱ्या उतरताना सुनंदानं तांबीच्या पोटाखालनं टॉवेल घातला होता, आणि टॉवेलची दोन टोकं धरून ती तिच्या मागनं हळूहळू उतरत होती. मी घरी असताना तिनं हे कधी केलं नव्हतं.

मी तसाच फाटक उघडून आत गेलो. "माझ्यासमोर का धरत नाहीस टॉवेल?"

ती दचकली. "तुमी कवा आलासा? कामावर न्हाई व्हय गेला?"

"काय लपवताय तुम्ही दोघी?"

"लपवतंय कोण? पट्टा कुणी लपवला?"

मी फाटकाची कडी लावायला वळलो.

"माळ्यावर धूळ झाडताना घावला मला," ती म्हणाली. "तिथंच ऱ्हाऊ दिला. म्हटलं, बगू कवा काढत्यात."

"डॉक्टरनी काय सांगितलंय ते खरं सांग."

"तुमीच इचारा की त्यास्नी. फोन हाय की तुमच्याकडं."

फोन होता. नंबरही होता. मी केला नाही. संशय घेतला तर घरबसल्या घेता येतो. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

गच्चीचा जिना

आता जे लिहितोय ते मी बरेच दिवस कुणालाही सांगितलं नव्हतं.

एका गुरुवारी सुनंदा बाजाराला गेली होती. मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. तांबीला आधार लागत नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पट्टाही नको, झोळीही नको, आणि त्या दोघींचं काय ते गुपितही खोटं. गच्चीचा जिना आमच्या घरातला सगळ्यात उभा. मी वर जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली, "तांबी, ये."

ती खाली येऊन थांबली. जिन्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिला यायचं नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. मग ती चढायला लागली. पुढचे दोन पाय वर टाकायचे आणि मागचा एक उडी मारून ओढून घ्यायचा. अर्ध्यावर येऊन थांबली, पोट भात्यासारखं हलत होतं. तिथं मी खाली जायला हवं होतं. मी गेलो नाही. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मी टाळी वाजवून तिसऱ्यांदा हाक मारली. त्या हाकेनं ती घाईनं निघाली, गुळगुळीत फरशीच्या कडेवर मागचा पाय सटकला, आणि ती वळणापर्यंत गडगडत गेली. केकाटली एकदाच. मग नुसती बघत पडून राहिली.

मान वर केली तर पलीकडच्या गच्चीवर बशीरभाई उभे होते. हातात फोमचा ओला तुकडा. आमची नजरानजर झाली. ते वळून फोम वाळत घालायला लागले, मी जिना उतरलो.

सुनंदाला मी सांगितलं, आपणहून जिन्यावर गेली वाटतं.

"आपणहून? ती जिन्याकडं बगत बी न्हाई."

"मग मी काय खोटं सांगतोय?"

दवाखान्यात मॅडमनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला. आतला बंध ताणला होता, तुटला नव्हता. "थोडक्यात वाचली," त्या म्हणाल्या. "काही दिवस विश्रांती. आणि आता पट्टा वापरा." मला कुणी काही विचारलं नाही, ते जास्त बोचलं.

उचलणं

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पट्टा आता मीच बांधायचा, मूठ मीच धरायची. जिन्याच्या दाराला कुलूप. सुनंदानं धरला तर मी मागनं चालायचो, "नीट धर, सैल सोडू नकोस." कामावर असलो तरी दर तासाला फोन. आधी मला वाटायचं या सगळ्यांना कुत्री पांगळी करायचीय, आता वाटायला लागलं की यांच्या निष्काळजीपणानं ती पडणार. माणसं तीच होती, फक्त आरोप बदलला होता.

एक दिवस बशीरभाई कुंपणाशी आले. "पट्टा द्या जरा इकडं. कड घासतीया तिला, जांघंत लाल झालंय." संध्याकाळी त्यांनी पट्टा परत दिला, आतून पातळ फोम लावून, वर मऊ कापड. पैशाचं नावही काढलं नाही. मी घरात येऊन विचार करत बसलो, या माणसाला काय हवंय? गप्प राहण्याचं काय मागणार हा?

शेवटी न राहवून मी विचारलं. "बशीरभाई, त्या दिवशी तुम्ही गच्चीवर होता."

"व्हतो की."

"मग?"

"मग काय? फोम वाळत घातला हुता."

ते परत मशीनवर जाऊन बसले. त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं. मला सांगावं लागलं नसतं.

इकडं तांबी बिघडत चालली. पडत नव्हती, पण मी मूठ धरली की अंग सोडून द्यायची. मी धरून उभा असताना लघवीला बसायची नाही, तटून राहायची आणि मग घरात फरशीवर करायची. मला वाटलं, मुद्दाम करते. पुढच्या तपासणीला मॅडमनी मांडी चाचपली, टेप लावून मोजली, आणि त्यांचं तोंड बदललं.

"स्नायू कमी झालाय. किती आधार देता?"

"लागतो तेवढाच," मी म्हटलं.

"आवं मॅडम, ह्ये तिला उचलूनच नेत्यात," सुनंदा म्हणाली. "बाजारच्या पिशवीगत. नुसती खालनं पायं हलवतीया ती."

"आणि ही धरतच नाही. नुसता हात लावते."

"तिला लागंल तवा धरते की!"

मॅडमनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही एक सांगता, त्या दुसरं सांगतात. मी इथं खुर्चीत बसून कुणाचं खरं धरू? तिला खरोखर किती आधार लागतो, ते घरी बघून मला सांगा. आणि लवकर. या पायाला फार वेळ नाही."

हुकाचा काटा

किती. परतीच्या वाटेवर तो एक शब्द डोक्यात राहिला. किती हे बघायचं कसं, हे मला येत होतं. माझं कामच ते.

रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा छोटा काटा आमच्या कामावर आहे. साहेबांना विचारून घरी आणला. आधी साखरेचं पाकीट लावून तो खरा आहे का ते बघितलं. खरा होता. हूक पट्ट्याच्या मुठीत अडकवला आणि काट्याची कडी मी धरली. म्हणजे मूठ वर ओढणारा माझा हात किती भार घेतोय ते आकड्यात दिसणार. अंगणात, सपाट जागेवर, तांबीला उभी केली. सुनंदाला म्हटलं, वाच.

"सात," ती म्हणाली.

"नीट वाच."

"बगा की तुमीच. सात किलू."

सातच होते. तांबी भरते वीस-एकवीस किलो. म्हणजे तिसरा हिस्सा माझ्या हातात होता. आणि तिनं अजून एक पाऊलही टाकलं नव्हतं. चालायला लागल्यावर आकडा आणखी वर गेला.

मी कडी सुनंदाच्या हातात दिली. सपाटीवर शून्य. वळताना जरासा हलला आणि पुन्हा शून्य. ओसरीच्या पायऱ्या चढताना दोन-अडीच, उतरताना थोडा जास्त, खाली आल्यावर परत शून्य. मला वाटलं, मी वाचताना ही मुद्दाम सैल सोडतेय. पुन्हा चालवलं. बाजूनं बघितलं, मागनं बघितलं. मग तिला म्हटलं, आता आकड्याकडं बघू नकोस, नेहमीसारखी धर. तेच आलं.

मग मी परत कडी घेतली आणि आकडा शून्यावर आणायचा प्रयत्न केला. हात खाली घ्यायचा, एवढंच करायचं होतं. येईना. चार आला, तीन आला, तांबी जराशी डुलली की हात आपोआप वर. तांबीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाडीत चोरून बसलेलं वजन पकडत आलो. आज पकडलं ते माझं होतं.

"का वो असं धरता?" सुनंदानं विचारलं. रागानं नाही.

मी पायरीवर बसलो आणि जिन्याचं सांगितलं. तीन हाका मारल्या तेही सांगितलं. तिसरी टाळी वाजवून मारली तेही.

ती तांबीचे कान चोळत बसली. मग म्हणाली, "मला वाटलंच हुतं. ती तुमी बोलिवल्याबिगार वर जाणार न्हाई." पुढं म्हणाली, "मी बी एक सांगते. तुमी पाणी आणाया गेलता तवा मॅडम म्हणल्या, असली गाठ पाय काढला तरी बहुतेक छातीत परत येतीच. म्हैनं सांगता येत्यात, वरसं न्हाई. मीच हात जोडलं त्यास्नी. म्हटलं ह्यास्नी सांगू नगा, गेल्या साली अँजिओप्लास्टी झालीया, हाय खात्यात."

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, लाज सोडून. मला बरं वाटलं. बघ, मी म्हणत होतो ना, लपवताय म्हणून. माझा संशय खरा निघाला याचा आनंद. तो आनंद ओसरल्यावर मला ती दिसली. टॉवेल धरून पायऱ्या उतरणारी. हे सगळं एकटीनं मनात ठेवून वर माझे टोमणे ऐकणारी.

"आणि पट्टा?" मी विचारलं.

"मीच पूनमला सांगितला. म्हटलं, हाईत तेवढं दिवस तरी ती पडाया नगं."

सुनंदाला तांबी पडायला नको होती, मला ती टांगलेली नको होती. एवढंच होतं सगळं. ते आम्ही एका वाक्यात बोलू शकलो असतो, तर मांडीचा स्नायू गेला नसता.

आता

आमचं उत्तर असं निघालं. सपाटीवर पट्टा नाही. पायऱ्या, ओली फरशी आणि गाडीत चढणं-उतरणं, तिथं पट्टा. फरशीवर बशीरभाईंनी दिलेले सीटकव्हरचे खरबरीत तुकडे अंथरलेत, त्यावर पाय सटकत नाही. पट्टा दोन बोटांत धरायचा. पाचही बोटं लावली की मी उचलतो, हे मला माझ्याबद्दल कळलं आहे. तुमचं उत्तर वेगळं निघेल. तुमचं कुत्रं वेगळं, पाय वेगळा, घराची फरशी वेगळी. पण जनावराला किती आधार लागतो हे बघताना आधार देणाऱ्या हातावरही नजर ठेवा. आणि डॉक्टर कुणा एकाशी हळू बोलत असतील तर खुर्ची ओढून जवळ बसा.

मागच्या खेपेला मी मॅडमना सांगितलं, जे काय असेल ते दोघांसमोर सांगा. त्यांनी छातीचा फोटो दोघांसमोर लावला. साफ आहे म्हणाल्या. मी विचारलं, खरंच? त्या म्हणाल्या, "आज साफ आहे. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी." मांडी थोडी भरलीय. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. अजून सवय गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही.

आज सकाळी आम्ही तिला उसाच्या बांधावर नेलं. बांधाच्या तोंडाशी मी पट्टा सोडला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कुणी धरतंय का याची वाट बघत. मग निघाली. बांधाची माती भुसभुशीत होती. थोडं पुढं गेली आणि ढेकळावर पाय पडून कुशीवर कलंडली.

माझा हात तिला उचलायला पुढं गेला होता. सुनंदानं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या."

तांबी पडल्या पडल्या इकडंतिकडं बघत होती. पुढचे पाय रोवले, मागचा एक पोटाखाली घेतला, पहिल्यांदा जमलं नाही. सुनंदाची पकड घट्ट झाली. दुसऱ्यांदा ती उठली, अंग झाडलं, झाडता झाडता पुन्हा डुलली पण पडली नाही, आणि आमच्याकडं न बघता पुढं गेली.

सुनंदानं माझं मनगट मग सोडलं.